'मेबॅक' गाडीच्या नावामागचा अनाथ पोरगा

रील्स बघता बघता मर्सिडीज-मेबॅक आली की स्क्रोल करणारा अंगठा आपोआप थांबतो. काही कोटींची गाडी, मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेला कुणी उद्योगपती नाहीतर फिल्मस्टार. आता दुसरं एक चित्र डोळ्यांपुढे आणा. कपाशीवर फवारणी चालू आहे. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. मग गावातला कुणीतरी जाणकार येतो, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढतो, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करतो आणि पंप फर्र करून चालू होतो.

ही कोटींची गाडी आणि तो फवारणी पंप, दोघांचा धागा एकाच माणसापाशी जाऊन पोचतो. विल्हेल्म मायबाख. गाडीचं नाव आपण इंग्रजी वळणाने मेबॅक म्हणतो, जर्मन लोक मायबाख म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

या माणसाची गोष्ट चांदूर रेल्वेच्या पोरापोरींनी का वाचावी? एक कारण असं की, रोज गाडीने अप-डाऊन करून बडनेरा-अमरावतीला इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, आयटीआय शिकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात कधी ना कधी पेट्रोलवर चालणारी रिमोटची मॉडेल बोट बनवायचा किडा वळवळतो. इंजिन मिळतं, पंखा मिळतो, फायबरची बॉडी होते. आणि मग बोट पाण्यात सोडली की मधोमध जाऊन थांबते. इंजिन चांगलं असतं, स्पार्कही चांगला असतो. गडबड असते ती टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वीतभर रस्त्यात. पेट्रोल हवं तेवढं, हवं तेव्हा आणि हवेत नीट मिसळून पोचत नाही.

मायबाखने आयुष्यातली उमेदीची वर्षं या वीतभर रस्त्यावर घालवली. तीही एका होडीच्या आगेमागेच.

दहाव्या वर्षी पोरका

९ फेब्रुवारी १८४६ ला जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी विल्हेल्मचा जन्म झाला. वडील सुतार. पाच भावांतला हा एक. पुढे कुटुंब स्टुटगार्टला आलं. विल्हेल्म आठ वर्षांचा होता तेव्हा आई गेली आणि दहा वर्षांचा होईतो वडीलही गेले. पाच पोरं उघड्यावर पडली. नातेवाइकांनी स्थानिक पेपरात मदतीसाठी जाहिरात दिली, तेव्हा रॉइटलिंगेन गावातल्या ब्रुडरहाउस नावाच्या संस्थेने विल्हेल्मला ठेवून घेतलं.

गुस्टाव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने ही संस्था काढली होती. अनाथ आणि गरीब मुलांना नुसतं जेवू घालून भागत नाही, त्यांच्या हाताला काम आलं पाहिजे, असा वेर्नर यांचा हिशेब होता. म्हणून संस्थेचे स्वतःचे कारखाने होते. कागदाचा होता, यंत्रांचाही होता. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. पंजाबराव देशमुखांचं अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय आणि शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन ज्या भागात उभं राहिलं, तिथल्या माणसाला आसरा, शिक्षण आणि काम एकत्र देण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

पोराचा हात ड्रॉइंगमध्ये आणि डोकं यंत्रात चालतं, हे वेर्नर यांनी ओळखलं. त्याला यंत्रशाळेत घातलं. दिवसा काम आणि संध्याकाळी गावातल्या शाळेत गणित आणि फिजिक्सचे वर्ग. कॉलेजची डिग्री मायबाखला कधीच मिळाली नाही. जे आलं ते ड्रॉइंग बोर्डावर आणि कारखान्यात आलं.

डाइमलर भेटला

१८६३ च्या अखेरीस या कारखान्याचा कारभार बघायला एक इंजिनिअर आला. गॉटलिब डाइमलर. बेकरीवाल्याचा मुलगा, मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठा. महत्त्वाकांक्षी, हट्टी, माणसं जोडणारा आणि तितकाच भांडणारा. त्याच्या नजरेत हा शांत, मान खाली घालून ड्रॉइंग काढणारा पोरगा भरला. दोघांची जी जोडी जमली ती डाइमलरच्या मरणापर्यंत, पस्तीसएक वर्षं टिकली.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग बडनेरा, चांदूर करत नागपूरला पोचला तो १८६७ मध्ये. म्हणजे आपल्या गावाच्या नावात पुढे 'रेल्वे' आणणारे रूळ पडत होते, तेव्हा मायबाख एकवीस वर्षांचा होता. जगात तेव्हा ताकद म्हणजे वाफ. वाफेला बॉयलर लागतो, कोळसा लागतो, पाणी लागतं आणि गरम व्हायला वेळ लागतो. आगगाडीला हे परवडतं, लहान होडीला किंवा एका माणसाच्या गाडीला परवडत नाही.

१८६९ मध्ये डाइमलर कार्ल्सरूहच्या कारखान्यात गेला, मायबाख पाठोपाठ गेला. १८७२ मध्ये डाइमलर कोलोनजवळच्या डॉइट्झ गॅस इंजिन कारखान्यात गेला, मायबाख तिथेही गेला आणि डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. या कारखान्याचा कर्ता होता निकोलाउस ऑटो. मेकॅनिकलच्या पोरांनी नाव ओळखलं असेल. ज्याच्या नावाने आपण ऑटो सायकल शिकतो तोच. १८७६ मध्ये ऑटोचं चार स्ट्रोकचं इंजिन आलं. आत ओढणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं.

नळाला बांधलेलं इंजिन

ऑटोचं इंजिन जोरदार विकलं गेलं. पण ते अवजड होतं, मिनिटाला दोनशेच्या आत फेरे घ्यायचं आणि कोळशापासून काढलेल्या गॅसवर चालायचं. तो गॅस शहरात पाइपने यायचा. म्हणजे इंजिन जिथे गॅसची पाइपलाइन, तिथेच. दावणीला बांधलेल्या बैलासारखं. गाडीत किंवा होडीत ते बसवायचं तर गॅसची पाइपलाइन बरोबर कशी न्यायची?

उत्तर द्रवरूप इंधनात होतं. त्या काळी हलकं पेट्रोल औषधाच्या दुकानात कपड्यांवरचे डाग काढायला मिळायचं. डबाभर पेट्रोल कुठेही नेता येतं. अडचण एवढीच की पेट्रोल तसंच्या तसं जळून इंजिन चालत नाही, आधी त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. डॉइट्झला असतानाच मायबाखने एक साधा प्रयोग केल्याचं सांगतात. चालू इंजिनाचा गॅस बंद केला आणि हवा आत जाते त्या तोंडाशी पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा धरला. इंजिन चालतच राहिलं.

हा बोळा म्हणजे फ्युएल सिस्टिमची बाराखडी समजा. इंजिनाला पेट्रोल चालतं, हे कळलं. पण बोळा धरून कुणी प्रवासाला जात नाही. किती पेट्रोल, किती हवा, चढावर किती, थंडीत किती, हे सगळं बाकी होतं. पेट्रोल नीट जळायला एक किलोमागे साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, हे आज पुस्तकात आहे. तेव्हा ते इंजिनाच्या आवाजावरून आणि धुरावरून शोधायचं होतं.

बागेतली भानगड

डाइमलरचं आणि ऑटोचं पटेना. १८८२ मध्ये डाइमलर बाहेर पडला आणि स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट गावी बागेसह घर घेतलं. मायबाखही चांगली नोकरी सोडून आला. एव्हाना त्याचं लग्न झालेलं होतं, कार्ल नावाचा लहान मुलगा होता. तरी आला.

बागेत झाडांसाठी एक काचघर होतं, त्याचा वर्कशॉप केला. दारं-खिडक्या बंद, आतून रात्रीबेरात्री ठोकाठोक. डाइमलरच्या माळ्यालाच संशय आला की मालक खोटी नाणी पाडतात. त्याने पोलिसांना खबर दिली आणि किल्लीही दिली. पोलीस घरमालकाला न कळवता आत शिरले. सापडलं काय, तर अवजारं आणि इंजिनाचे सुटे भाग.

त्या काचघरात १८८३ ला मायबाख आणि डाइमलरने लहान, हलकं आणि जलद फिरणारं इंजिन बनवलं. दोन वर्षांनी त्याची सुधारलेली उभी आवृत्ती आली. ती दिसायला कपाटाएवढ्या लंबकाच्या घड्याळासारखी होती, म्हणून तिचं नावच 'आजोबांचं घड्याळ' पडलं. ताकद अर्धी अश्वशक्ती, फेरे मिनिटाला सहाशे. ऑटोच्या इंजिनाच्या तिप्पट वेग. पेटंट मात्र डाइमलरच्या नावाने. कारण पैसा डाइमलरचा आणि मायबाख त्याच्याकडे कराराने काम करणारा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये रात्र रात्र जागून मशीन चालू कोण करतो आणि प्रेझेंटेशनला पुढे कोण उभा राहतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना इथे मायबाख लगेच कळेल.

या इंजिनाला पेट्रोल देण्यासाठी मायबाखने १८८५ च्या सुमारास पहिला कार्बोरेटर केला. हवा पेट्रोलच्या टाकीतून बुडबुडे काढत जाते आणि जाताना पेट्रोलची वाफ बरोबर घेऊन इंजिनात शिरते. पेट्रोल कमी होत गेलं तरी हवेची नळी तितकीच बुडालेली राहावी म्हणून तिला एक तरंगता फ्लोट जोडलेला. त्याच वर्षी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीत हे इंजिन बसवलं. नोव्हेंबरमध्ये ती कानश्टाटहून तीन किलोमीटरवरच्या उंटरट्युर्कहाइमपर्यंत चालवून दाखवली.

नेकार नदीतली होडी

ऑगस्ट १८८६. साधारण साडेचार मीटर लांबीची एक होडी नेकार नदीत उतरवली. आत तेच उभं इंजिन, मागे पाण्यात पंखा. होडीने ताशी सुमारे अकरा किलोमीटरचा वेग गाठला. नदीच्याच नावावरून होडीचं नाव 'नेकार'. ऑक्टोबरमध्ये होडीच्या इंजिनाचं पेटंटही घेतलं.

होडीला कोळसा, बॉयलर, शेगडी पेटवणारा माणूस, काहीच लागत नव्हतं. रस्ते खड्ड्याखड्ड्यांचे होते आणि नदी मात्र सपाट. त्यामुळे पुढची काही वर्षं डाइमलरचा धंदा गाड्यांपेक्षा होड्यांच्या इंजिनांवर चालला.

पण लोक घाबरत होते. पेट्रोलचा डबा मांडीशी घेऊन पाण्यावर कोण बसणार? भीती खोटी नव्हती. त्या काळी इंजिनात स्पार्क प्लगऐवजी तापलेली नळी असायची आणि ती लाल ठेवायला बाहेर उघडी ज्योत जळत असायची. होडीत एका हाताच्या अंतरावर ज्योत आणि पेट्रोल. डाइमलरने यावर धंदेवाईक तोडगा काढला. इंजिन आच्छादनाखाली झाकलं आणि हे तेल-विजेवर चालणारं यंत्र आहे, असं गिऱ्हाइकांना सांगितलं. विजेचं नाव ऐकून लोक निश्चिंत झाले. डाइमलर असा होता. मायबाख झाकण्यापेक्षा आतला दोष काढण्याच्या मागे होता.

दोष कुठला? पेट्रोल हा एकच पदार्थ नसतो. त्यात हलके घटक असतात, जडही असतात. टाकीतून हवेचे बुडबुडे गेले की हलके घटक आधी उडून जातात. सुरुवातीला मिश्रण घट्ट, नंतर पातळ, आणि तळाला जे उरतं ते नीट पेटतच नाही. थंडीत वाफ कमी होते, उन्हात जास्त. होडी लाटेवर हेलकावली की टाकीतलं पेट्रोल हलतं आणि मिश्रण पुन्हा बदलतं. इंजिन तेच, पण दर दहा मिनिटांनी त्याचा स्वभाव वेगळा.

हॉटेलच्या हॉलमधलं नोझल

दरम्यान पैशाचं राजकारण सुरू झालं. १८९० मध्ये भांडवलदारांना घेऊन डाइमलरची कंपनी स्थापन झाली. मालकीचा ताबा हळूहळू भांडवलदारांकडे गेला. मायबाखला जो करार पुढे केला तो त्याला मान्य होण्यासारखा नव्हता. फेब्रुवारी १८९१ मध्ये तो बाहेर पडला.

बाहेर पडलेला मायबाख रिकामा बसला नाही. आधी घरातच ड्रॉइंग बोर्ड मांडला. मग डाइमलरने गुपचूप पैसा पुरवला आणि कानश्टाटमधल्या हेर्मान नावाच्या बंद पडलेल्या हॉटेलच्या बागेतला हॉल घेऊन तिथे काम सुरू झालं. मोजकी माणसं, भाड्याची जागा, कंपनीचा आसरा नाही. मायबाखच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा शोध इथला आहे.

१८९३ मध्ये त्याने पेट्रोलची वाफ करायचा नादच सोडला. पेट्रोलचा फवारा करायचा, असं ठरवलं. कपाशीवर औषध मारताना नोझलमधून जशी बारीक धुई निघते तशीच. इंजिन हवा ओढतं. त्या हवेच्या वाटेत एक बारीक तोंडाची नळी ठेवली. हवा जोरात जाताना तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप नळीतून वर येऊन फवाऱ्यासारखं हवेत मिसळतं. इंजिनाने जास्त हवा ओढली की पेट्रोलही जास्त, कमी ओढली की कमी. नळीत पेट्रोलची पातळी कायम एकाच उंचीवर राहावी म्हणून बाजूला एक छोटी वाटी. वाटीत फ्लोट, फ्लोटवर सुई. पातळी खाली गेली की सुई उघडते, भरली की बंद होते. आपल्या घरच्या टाकीतला फ्लोट वॉल्व्ह जसा काम करतो अगदी तसंच.

आता टाकीतलं पेट्रोल हलकं-जड सगळं सारखंच बाहेर येऊ लागलं. हलके आधी आणि जड मागे असं राहिलं नाही. हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघा इंजिनिअरांनीही त्याच वर्षी अशाच कार्बोरेटरचं पेटंट घेतलं होतं. पण मायबाखचा फवारा डाइमलरच्या नव्या 'फिनिक्स' इंजिनात बसला आणि तिथून जगभर पसरला. भारतात एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आला. तोवर आपण ज्या स्प्लेंडर, पल्सर, स्कूटी फिरवल्या, त्यांच्या पोटात मायबाखची वाटी, फ्लोट आणि जेट होतं.

तुमची मॉडेल बोट आणि त्याचा फवारा

आता मधोमध थांबलेल्या मॉडेल बोटीकडे या. मोठ्या मॉडेल बोटींत जे पेट्रोल इंजिन बसवतात ते बहुतेक वेळा गवत कापायच्या मशीनच्या जातीचं असतं. दोन स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. ते मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतं. मायबाखपुढे जे प्रश्न होते तेच इथे लहान रूपात येतात.

पहिला प्रश्न हेलकाव्यांचा. वळणावर बोट कलते, टाकीतलं पेट्रोल एका कोपऱ्यात जातं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. म्हणून टाकीत कडक नळी न ठेवता लवचीक नळी ठेवतात आणि तिच्या टोकाला छोटं वजन लावतात. पेट्रोल जिकडे जाईल तिकडे वजनही जातं. टाकीला हवा आत यायला दुसरी नळीही लागते. ती विसरली तर टाकीत पोकळी होते, पेट्रोल येईनासं होतं आणि दोष मात्र इंजिनाला लागतो. नळी पेट्रोल सोसणारी हवी. सिलिकॉनची नळी पेट्रोलने फुगते. मध्ये एक बारीक फिल्टर हवा, कारण जेटच्या तोंडाला एक कणही पुरतो.

दुसरा प्रश्न पातळीचा. मायबाखची फ्लोटची वाटी सरळ उभी असेल तोवर ठीक, तिरकी झाली की गडबडते. म्हणून गवत कापायच्या मशीनला आणि या बोटींना पडद्याचा कार्बोरेटर असतो. फ्लोटचं काम एक पातळ लवचीक पडदा करतो. इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा छोटा पंप पेट्रोल ओढून आणतो. वाटी गेली, पण हवेच्या वाटेतला फवारा तसाच राहिला.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा आणि खरी कसोटी इथेच लागते. अशा कार्बोरेटरला साधारणपणे दोन स्क्रू असतात. एक मंद वेगाचा आणि एक पूर्ण वेगाचा. बाहेर फिरवला की पेट्रोल जास्त, आत फिरवला की कमी. कंपनीच्या पुस्तकात सुरुवातीची सेटिंग दिलेली असते, बहुतेकदा एक ते दीड फेऱ्याच्या आसपास. तिथून पुढे एका वेळी फेऱ्याचा आठवा भागच हलवायचा. पेट्रोल जास्त झालं तर धूर निघतो आणि इंजिन अडखळतं, पण वाचतं. कमी झालं तर आवाज एकदम खणखणीत होतो, वेग वाढल्यासारखा वाटतो आणि पोरं खूश होतात. तेच इंजिन थोड्या वेळाने तापून सीज होतं. दोन स्ट्रोकमध्ये ऑइलही पेट्रोलबरोबरच येतं, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. जाणकार म्हणूनच पूर्ण वेगाचा स्क्रू किंचित जास्त पेट्रोलच्या बाजूला ठेवतात. आणि टेबलावर केलेली सेटिंग पाण्यात टिकत नाही, कारण पंख्यावर पाण्याचा भार आला की गणित बदलतं. शेवटची सेटिंग पाण्यावरच होते.

दोन गोष्टी सांभाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. भरताना आसपास ज्योत नको, इंजिन गरम नको, आणि काम उघड्यावर करायचं. दुसरं म्हणजे, मालखेडच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. तिथे दोन स्ट्रोकचा आवाज आणि पाण्यावर ऑइलचा तवंग नकोच. जागा परवानगी काढूनच निवडा.

मर्सिडीज आणि त्यानंतर

मायबाखला सोडून कंपनीची अवस्था वाईट झाली. १८९५ मध्ये फ्रेडरिक सिम्स नावाचा ब्रिटिश उद्योजक मोठी रक्कम घेऊन आला. डाइमलर परत हवा, ही त्याची अट. डाइमलरबरोबर मायबाखही मुख्य इंजिनिअर म्हणून परतला. पण १९०० च्या मार्चमध्ये डाइमलर गेला. पस्तीस वर्षांचा जोडीदार गेला आणि कंपनीत मायबाखच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नाही.

त्याच वर्षी एमिल येलिनेक नावाच्या श्रीमंत गिऱ्हाइकाला शर्यतीसाठी नवी गाडी हवी होती. मायबाखने ती मुळापासून काढली. गाडी बुटकी आणि लांब, इंजिन ३५ अश्वशक्तीचं, पुढे मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतींत या गाडीने बाकीच्यांना मागे टाकलं. आजच्या मोटारीचा साचा इथून सुरू झाला असं मानतात. फ्रेंचांनी मायबाखला डिझायनरांचा राजा ही पदवी दिली. गाडीला नाव मात्र मिळालं येलिनेकच्या लेकीचं. मर्सिडीज.

म्हणजे इंजिनाचं पेटंट डाइमलरच्या नावावर, कंपनी डाइमलरच्या नावाची आणि गाडी गिऱ्हाइकाच्या मुलीच्या नावाची. वर पुढच्या वर्षांत संचालकांनी मायबाखला हळूहळू बाजूला सारलं. १९०७ मध्ये एकसष्टाव्या वर्षी त्याने कंपनी सोडली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०८ मध्ये, काउंट झेपेलिनचं अजस्र हवाई जहाज एख्टरडिंगेन इथे वादळात सापडून जळालं. हवाई जहाजाला भरवशाचं इंजिन हवं, हे मायबाखने हेरलं आणि झेपेलिनशी बोलणी केली. १९०९ मध्ये नवी इंजिन कंपनी उभी राहिली. तिची तांत्रिक धुरा मायबाखने मुलाकडे, कार्लकडे दिली. प्रश्न पुन्हा तोच होता. हवेत, तिरक्या अवस्थेत, थंडीत, विरळ हवेत पेट्रोल नेमकं कसं पोचवायचं? कार्लने उंचीवर चालणारी इंजिनं बनवली. पहिल्या महायुद्धात तीच इंजिनं घेऊन झेपेलिन जहाजांनी इंग्लंडवर बॉम्ब टाकले. इंजिनाचा फवारा होडीत जातो, पंपात जातो, तसा युद्धातही जातो, हेही मायबाखच्या गोष्टीतून वगळता येत नाही.

युद्ध हरल्यावर जर्मनीला विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली. मग कंपनी मोटारींकडे वळली. १९२१ मध्ये पहिली मायबाख गाडी लोकांपुढे आली. पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने आपलं आडनाव पहिल्यांदा एका गाडीवर बघितलं. त्याच कंपनीतून पुढे एमटीयू ही इंजिन कंपनी घडली. आपल्या लष्कराच्या अर्जुन रणगाड्यात एमटीयूचंच इंजिन आहे.

२९ डिसेंबर १९२९ ला स्टुटगार्टमध्ये विल्हेल्म मायबाख वारला. कानश्टाटच्या स्मशानभूमीत डाइमलरच्या समाधीजवळच त्याला पुरलं.

आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाखाली काम केलं म्हणून मायबाखची कीव करावी का? डाइमलर नसता तर काचघर नसतं, हॉटेलचा हॉल नसता आणि पोरका विल्हेल्म रॉइटलिंगेनच्या कारखान्यातच राहिला असता. दुसरी बाजूही तितकीच खरी. मायबाख नसता तर डाइमलरचं इंजिन गॅसच्या पाइपलाइनजवळच उभं राहिलं असतं. कंपनीने दोनदा त्याला नकोसं केलं. दोन्ही वेळा तो ड्रॉइंग बोर्ड उचलून दुसरीकडे गेला आणि अर्धवट राहिलेला प्रश्न तिथे पुढे सोडवत बसला. पहिल्या वेळी त्यातून कार्बोरेटर निघाला, दुसऱ्या वेळी मुलाची कंपनी.

सहाव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट जवळ आलाय, बोट मधोमध थांबतेय आणि ग्रुपमधले बाकीचे पीपीटीचे रंग निवडताहेत, अशी वेळ आली तर वैतागू नका. टाकी उघडा. नळी बघा, हवेचं भोक बघा, फिल्टर बघा आणि मग स्क्रूचा आठवा भाग फिरवून आवाज ऐका. बोट काठावर परत आली की, ती कुणामुळे आली, हे निदान तुमच्या ग्रुपला तरी कळलेलं असेल.